रूढ व्रण, अपुरी चिकित्सा : गंभीर दग्धानंतर निर्देशपालनाचे स्थान

प्रास्ताविक

गंभीर रीतीने भाजलेला रुग्ण आपल्यासारख्या सामान्य चिकित्सकाकडे दोन प्रसंगी येतो. पहिला प्रसंग घटना घडल्याबरोबरचा आणि दुसरा रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचा. पहिल्या प्रसंगी आपले कर्तव्य स्पष्ट आहे. भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. मोठा भाग भाजला असल्यास किंवा रुग्ण लहान मूल असल्यास उरलेले अंग उबदार ठेवावे. अंगठ्या व बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, स्वच्छ कापडाने भाग झाकावा, आणि शाई, टूथपेस्ट, हळद, चुन्याची निवळी वा कोणताही मलम न लावता रुग्णास दग्धविभाग असलेल्या रुग्णालयात धाडावे. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसह शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे १ टक्का असतो. या मापाने १० टक्क्यांहून अधिक भाग भाजला असेल, अथवा चेहरा, हात, पाऊल, गुह्यभाग वा मोठा सांधा भाजला असेल, अथवा वीज, रसायन वा धूर यांचा संबंध असेल, तर रुग्ण आपल्या चिकित्सालयात ठेवण्यासारखा नसतो. याविषयी वैद्यवर्गात दुमत असू नये.

दुसऱ्या प्रसंगाविषयी मात्र आपण पुरेसा विचार करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक व्यक्ती मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. त्यांपैकी जे वाचतात ते काही आठवड्यांनी आपापल्या गावी परततात. दग्धविभाग तेथून दूर असतो. वैद्य आणि औषधाचे दुकान जवळ असते. रुग्णालयाने दिलेली योजना पुढील दीड-दोन वर्षे पाळली जाते की सुटते, हे बऱ्याच अंशी या जवळच्या दोघांवर अवलंबून राहते. प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे.

रुग्णवृत्त १

रुग्णा विवाहित स्त्री, वय २४. स्वयंपाक करताना पदर पेटून मान, छाती व उजवी काख मिळून सुमारे २२ टक्के भाग भाजला. सात आठवडे रुग्णालयात राहून मान व छातीवर त्वचारोपण झाले. नवव्या आठवड्यात ती माझ्याकडे आली, तेव्हा सर्व व्रण रूढ झालेले होते. तक्रार होती ती तीव्र कंडूची आणि रात्री झोप न लागण्याची. रुग्णालयाने मानेस आधारपट्टा व अंगात घट्ट दाबवस्त्र दिले होते; दोन्ही अहोरात्र वापरावयाचे होते. दिवस वैशाखाचे होते आणि घर पत्र्याचे होते.

मी यष्टीमधु सिद्ध तैल बाह्योपचारार्थ दिले, पोटात सारिवा-मंजिष्ठायुक्त कल्प दिला, आणि पट्ट्याविषयी तिने विचारल्यावर म्हणालो, "जखम भरली आहे, फार त्रास होत असेल तर रात्री काढून ठेवलात तरी चालेल." कंडू कमी झाली, झोप लागू लागली. रुग्णा समाधानी होती, मीही होतो. पट्टा प्रथम रात्री सुटला, मग दुपारी सुटला, आणि मग माळ्यावर गेला. उशीही परत आली. चार महिन्यांनी ती पुन्हा आली तेव्हा हनुवटी छातीकडे ओढली गेली होती, खालचा ओठ बाहेर वळला होता आणि आकाशाकडे पाहण्यासाठी तिला सबंध धड मागे झुकवावे लागत होते. संकोच सोडविण्यासाठी तिला पुन्हा शस्त्रकर्मास सामोरे जावे लागले.

पट्टा ठेवला असता तर संकोच झालाच नसता, असे ठामपणे म्हणता येत नाही. मानेचा खोल दग्ध उत्तम पालन करूनही आखडू शकतो. परंतु माझ्या एका वाक्याने त्या रुग्णेची ती संधी हिरावली गेली, हे मला मान्य केले पाहिजे. तिने निर्देश मोडला नव्हता. तिने माझा निर्देश पाळला होता.

ग्रंथोक्त विचार

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील अग्निकर्मविधी अध्यायात प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार प्रकार वर्णिले आहेत, हे आपण सर्व जाणतोच. त्यांपैकी अतिदग्धाच्या वर्णनाकडे पुन्हा लक्ष द्यावे. तेथे मांस लोंबणे आणि सिरा, स्नायू, संधी व अस्थी यांची हानी सांगितली असून, हा व्रण फार विलंबाने भरतो व भरल्यावरही विवर्ण राहतो, असे म्हटले आहे. व्रणप्रश्न अध्यायात व्रण या शब्दाची व्युत्पत्ती सांगताना, रूढ झाल्यावरही त्याची खूण, म्हणजे व्रणवस्तू, देह असेपर्यंत जात नाही, असा निर्वाळा आहे. द्विव्रणीय चिकित्सेतील साठ उपक्रमांत बंध, मृदुकर्म, बृंहण, यंत्र, आहार आणि अखेरीस रक्षाविधान यांचा समावेश आहे. शोधन व रोपण यांवर चिकित्सा संपत नाही, असाच या क्रमाचा अर्थ होतो.

वाग्भटाचार्य याहून स्पष्ट आहेत. अष्टांगहृदयाच्या शस्त्रकर्मविधी अध्यायात ते व्रण रूढ झाल्यानंतरही त्यास स्थैर्य येईपर्यंत अजीर्ण, व्यायाम, व्यवाय, हर्ष, क्रोध व भय यांचा परिहार सांगतात आणि हा विधी आदरपूर्वक सहा ते सात महिने पाळावा, असे म्हणतात. रूढ होणे आणि स्थिर होणे या दोन अवस्था त्यांनी वेगळ्या मानल्या आहेत. व्यायामनिषेधाचा अर्थ मात्र येथे शब्दशः घेऊ नये. तो व्रणास ताण व आघात देणाऱ्या श्रमाविषयी आहे. आखडू पाहणाऱ्या सांध्याची नियमित हालचाल ही संकोचाची चिकित्सा होय. या दोहोंची गल्लत करून "व्रण आहे, हलवू नका" असा सल्ला दिला, तर दग्धात अपरिमित हानी होते.

रूढ व्रणात काय चालू असते

दोन आठवड्यांच्या आत भरलेल्या उथळ दग्धात वण सहसा उंचावत नाही. तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला, तर उंचावलेला, लाल व कठीण वण होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. वरची त्वचा मिटली तरी खाली तंतूंची निर्मिती सुरूच असते आणि त्यातील आकुंचनशील पेशी कडा आत ओढत राहतात. ही क्रिया पहिल्या काही महिन्यांत जोरात असते; वण फिकट, सपाट व मऊ होऊन परिपक्व होण्यास साधारणतः बारा ते चोवीस महिने लागतात. रुक्ष व संकोचकारी वाताचे हे कार्य आहे, असे आपल्या परिभाषेत म्हणता येईल.

येथे एक गोष्ट प्रत्येक रुग्णास व नातेवाइकास सांगितली पाहिजे. ज्या स्थितीत रुग्णास बरे वाटते, त्याच स्थितीत सांधा आखडतो. मान भाजलेल्यास उशी सुखावह वाटते, काख भाजलेल्यास दंड अंगाशी धरणे सुखावह वाटते, कोपर व गुडघा वाकवून ठेवावासा वाटतो. म्हणून मान भाजली असता उशी काढून मान किंचित मागे ठेवावी, दंड अंगापासून काटकोनात दूर ठेवावा, कोपर व गुडघा सरळ, पाऊल घोट्याशी काटकोनात आणि हात रुग्णालयाने बनवून दिलेल्या स्प्लिंटमध्ये ठेवावा.

योजनेचे घटक आणि त्यांचे बलाबल

रुग्णालयाने दिलेल्या योजनेत सामान्यतः स्प्लिंट, दाबवस्त्र, सिलिकॉनची पट्टी वा जेल, दिवसातून अनेकदा करावयाचे सांध्यांचे व्यायाम, त्वचा मऊ ठेवण्यासाठी मर्दन, उन्हापासून रक्षण, आहार आणि पुनर्तपासणीच्या तारखा एवढे घटक असतात. यांतील प्रत्येकाचे बल सारखे नाही, हे प्रामाणिकपणे सांगावे.

दाबवस्त्र दिवसातील सुमारे २३ तास, बारा ते अठरा महिने वापरण्याची प्रथा आहे. याविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, वणाच्या एकूण स्वरूपात लक्षणीय फरक आढळला नाही. केवळ उंचीत थोडी घट दिसली. याउलट २०१० साली प्रसिद्ध झालेल्या व बारा वर्षे चाललेल्या एका अभ्यासात, एकाच व्रणाच्या एका भागावर पुरेसा व दुसऱ्या भागावर कमी दाब देऊन तुलना केली असता, पुरेशा दाबाखालील वण अधिक मऊ व पातळ आढळला. हा लाभ मध्यम व तीव्र वणांतच डोळ्यांना जाणवण्याजोगा होता. तात्पर्य असे की दाबवस्त्राचे महत्त्व उथळ दग्धात अल्प आणि खोल दग्धात अधिक आहे. मोठा त्रास होत असेल, तर सवलत कोठे द्यावी हे ठरविताना हा भेद रुग्णालयातील तज्ज्ञांच्या उपयोगी पडतो. सवलत आपण परस्पर देऊ नये.

व्यायामाविषयी अमेरिकेतील गॅल्व्हस्टन येथून २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बोधप्रद आहे. शरीराचा ४० टक्के वा अधिक भाग भाजलेल्या मुलांपैकी काहींना बारा आठवडे प्रत्यक्ष देखरेखीखाली बलवर्धक व्यायाम दिला आणि इतरांना घरी करण्याची नेहमीची योजना दिली. देखरेखीखालील मुलांचे स्नायुबल व मांसधातू यांत अधिक वाढ झाली. कागदावर दोन्ही गटांना योजना होतीच. एका गटासोबत कोणीतरी उभे होते, हाही फरक येथे दुर्लक्षिण्याजोगा नाही.

जे रुग्ण योजना पाळतात त्यांची घरची स्थिती व मनोबलही अनेकदा बरे असते. त्यामुळे त्यांच्या सुधारणेचे सर्व श्रेय पालनाला देता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. तथापि आखडलेला सांधा औषधाने मोकळा होत नाही आणि आखडण्यापूर्वीचे महिने परत येत नाहीत. एवढ्या दोन कारणांसाठीही पालनाचा आग्रह योग्य ठरतो.

निर्देशकारित्व : केवळ रुग्णाचा गुण नव्हे

चरकाचार्यांनी खुड्डाकचतुष्पाद अध्यायात रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व. रुग्णाने योजना सोडली की आपण त्यास निर्देशकारित्व नाही असे म्हणून मोकळे होतो. परंतु हे चारही गुण एकमेकांवर अवलंबून आहेत आणि त्यांची जोपासना वैद्याच्या हाती आहे. या चारांचा दग्धरुग्णाच्या संदर्भात क्रमाने विचार करू.

स्मृती : कित्येक आठवडे वेदना, अनिद्रा व भीती यांत काढलेल्या रुग्णाच्या ध्यानात, घरी सोडताना घाईने सांगितलेले दहा निर्देश राहत नाहीत. निर्देश मोठ्या अक्षरांत, त्याच्या भाषेत लिहून द्यावेत आणि "आता तुम्ही मला सांगा, घरी काय काय करणार?" असे विचारून उलट ऐकावेत. निरक्षर घरात चित्रे काढून द्यावीत.

अभीरुत्व : ताण देताना वण पांढरा पडतो, ओढ बसते, क्वचित बारीक भेग पडते. जखम पुन्हा उघडेल या भयाने रुग्ण थांबतो. कोणती ओढ अपेक्षित आहे आणि कोणती भेग दाखवावयास आणावी, हे आधीच सांगितल्यास भय उरत नाही. रुग्णालयाने दिलेले वेदनाशामक व्यायामापूर्वी अर्धा तास घेण्याची सोय त्यांनाच विचारून करावी. आरसा टाळणे, घराबाहेर न पडणे, दुःस्वप्ने, जगण्याची इच्छा नसल्याचे बोलणे ही लक्षणे आढळल्यास सत्त्वावजयाच्या चार शब्दांवर न थांबता मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. खिन्न रुग्ण व्यायाम करीत नाही, म्हणून त्यास आळशी ठरवू नये.

ज्ञापकत्व : रुग्णाने खरे सांगितले पाहिजे, परंतु रागे भरणाऱ्या वैद्यास कोणी खरे सांगत नाही. "वस्त्र वापरता ना?" असे विचारल्यास उत्तर नेहमी होकारार्थी येते. "काल किती तास काढून ठेवावे लागले?" असे विचारल्यास खरे उत्तर मिळते.

निर्देशकारित्व : हे वरील तिन्हींनंतर येते. वाग्भटाचार्यांनी तर रुग्णगुणांत आढ्य, म्हणजे साधनसंपन्न, या गुणाचा प्रथम उल्लेख केला आहे. दाबवस्त्राचे दोन जोड लागतात, एक अंगावर व एक धुण्यास. ताण कमी होत असल्याने साधारण तीन महिन्यांनी ते बदलावे लागतात. प्रत्येक पुनर्तपासणीस दोघांचे बसभाडे व एका दिवसाची मजुरी जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या शासकीय योजनांचा लाभ कशास मिळतो आणि कशास नाही, याची चौकशी रुग्ण रुग्णालयात असतानाच करावयास सांगावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन उपचारांच्या पालनाविषयी अहवाल प्रसिद्ध केला. विकसित देशांतही दीर्घकालीन व्याधींत पालनाचे प्रमाण सरासरी ५० टक्केच असते, असे त्यात नमूद आहे. कारणे पाच वर्गांत मांडली आहेत : सामाजिक-आर्थिक स्थिती, आरोग्यव्यवस्था, व्याधीचे स्वरूप, उपचाराचे स्वरूप आणि रुग्ण स्वतः. पाचांपैकी रुग्ण हा केवळ एक आहे. पादचतुष्टयाची मांडणीही चिकित्सेचे यश एकट्या रुग्णावर सोडीत नाही.

उपस्थात्याविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे त्याचे गुण. ज्या घरात स्त्री भाजली, त्याच घरातील माणसे तिची उपस्थाता असतात. बहुतेक वेळा ती मायेने सेवा करतात; काही वेळा भाजण्याचे कारणच त्या घरात असते. योजना वारंवार सुटत असेल, पैसे असूनही तपासणी टळत असेल, तर रुग्णेशी एकदा तरी एकटीने बोलण्याची सोय करावी. तेथे अनुरागच नसेल, तर लेखी सूचनांनी काही साधत नाही. माहेरचा किंवा अन्य विश्वासाचा आधार शोधावा लागतो आणि प्रसंगी कायद्याचे साहाय्य घ्यावे लागते.

पथ्याचा अतिरेक

निर्देश पाळला जातो हे पुरेसे नाही. तो योग्य असला पाहिजे. येथे आपल्या शास्त्राच्या नावाने एक मोठी चूक होते. व्रणितोपासनीय अध्यायातील अपथ्याची यादी पुढे करून दग्धरुग्णास दूध, दही, डाळ, मांस सर्व वर्ज्य केले जाते. भात व तूरडाळीने पू होतो, हा समज तर घरोघरी आहे. परिणामी रुग्ण कित्येक महिने ज्वारीची भाकरी व दुधीच्या भाजीवर राहतो, आणि हे पथ्य तो निष्ठेने पाळतो.

विस्तृत दग्धानंतर शरीराचा चयापचय वाढलेला राहतो. गंभीर रुग्णांत ही अवस्था वर्षभर वा त्याहूनही अधिक काळ टिकते आणि या काळात मांसधातूचा क्षय होतो. प्रौढ रुग्णास प्रतिदिन शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे १.५ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या रुग्णास ९० ते १२० ग्रॅम. अर्धा लिटर दुधातून सुमारे १६ ग्रॅम, १०० ग्रॅम कोरड्या मूगडाळीतून सुमारे २४ ग्रॅम, दोन अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम व मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. हे सर्व घेऊनही बेरीज ६० च्या आसपासच येते. उरलेले धान्य, मांसरस, मासे, पनीर वा सोयाबीन यांतून भरून काढावे लागते. सुश्रुताचार्यांनीच कृश व्रणितासाठी बृंहण सांगितले आहे. अग्नी पाहून, थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. आवळा, मनुका, खजूर व तूप यांचा यथायोग्य उपयोग करावा. वृक्कविकार वा मधुमेह असल्यास प्रमाण रुग्णालयाच्या सल्ल्याने ठरवावे.

औषधयोजना आणि औषधविक्रेत्यांसाठी सूचना

व्रण पूर्णतः रूढ झाल्यानंतर त्वचा रुक्ष असते, कारण खोल दग्धात स्नेहस्रावी ग्रंथी नष्ट झालेल्या असतात. अशा वेळी शतधौत घृत, यष्टीमधु सिद्ध घृत वा सौम्य तैल यांचे मर्दन उपकारक ठरते. मर्दन करताना बोटाने वण फिकट होईपर्यंत दाबून सावकाश वर्तुळाकार फिरवावे. पाच ते दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. नवीन, नाजूक, फोड येणाऱ्या त्वचेवर घर्षण करू नये. पुढील सूचना विशेषत्वाने लक्षात घ्याव्यात.

१) तेल व तूप यांनी दाबवस्त्राचा ताण देणारा धागा व सिलिकॉनची पट्टी खराब होते. मर्दनानंतर अर्ध्या तासाने सौम्य साबणाने त्वचा धुऊन, कोरडी करून मगच वस्त्र घालावे. तेल विकणाऱ्याने हे सांगितले नाही, तर त्या तेलाने उपचारच बाद होतो.

२) मोठ्या उघड्या व्रणावर सिंदूर वा पारदयुक्त मलहर लावू नये, त्वचेचा अडसर नसल्याने धातूचे शोषण होण्याचा धोका असतो. गंभीर दग्धात वृक्कांवर ताण आलेला असतो, हे ध्यानी घेऊन पोटात रसकल्प देण्याचे टाळावे.

३) कंडूसाठी स्टेरॉइडयुक्त मिश्र मलम चिठ्ठीशिवाय देऊ नये. कंडू हे वण सक्रिय असल्याचे लक्षण आहे. ती थांबली म्हणून वस्त्र सोडावयाचे नसते.

४) "भाजल्यावरचा मलम द्या" अशी मागणी आल्यास तीन प्रश्न विचारावेत : भाजून किती दिवस झाले, किती भाग, आणि कोठे दाखविले आहे? तीन आठवडे उलटून व्रण भरला नसेल, तर मलम बदलून देऊ नये, रुग्णालयाकडे वळवावे.

५) ज्वर, दुर्गंध, हिरवट स्राव, रोपित त्वचा सुटणे, सांध्याची हालचाल घटणे अथवा जुन्या वणावर न भरणारा व्रण होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे. कित्येक दशकांनंतरही जुन्या वणात कर्करोग उद्भवू शकतो.

रुग्णवृत्त २

रुग्ण पुरुष, वय ४१, गुऱ्हाळातील कामगार. उकळता रस सांडून उजवा हात व अग्रबाहू मिळून सुमारे ५ टक्के भाग खोल भाजला. हाताच्या मागील बाजूस त्वचारोपण झाले. पहिल्या रुग्णेचा अनुभव पाठीशी असल्याने या वेळी मी प्रथम रुग्णालयाचा कागद मागितला व माझी वेगळी योजना न देता त्याच योजनेतील घटक एका तक्त्यावर उतरविले. आठवीत शिकणारी मुलगी रोज सायंकाळी त्यावर खुणा करी. मूठ वळल्यावर बोटांची टोके तळहातापासून किती दूर राहतात, हे दर पंधरा दिवसांनी पट्टीने मोजून त्याच तक्त्यावर लिहिले.

तिसऱ्या महिन्यात खुणा कमी झाल्या. विचारल्यावर त्याने सांगितले की हातमोजा घालून काम करता येत नाही आणि काम सोडले तर घर चालत नाही. मी रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टशी दूरध्वनीवर बोललो. कामाचे चार तास मोजा काढावा, परंतु त्यापूर्वी व नंतर व्यायाम करावा आणि रात्रीचे स्प्लिंट कोणत्याही परिस्थितीत सोडू नये, असे ठरले. भट्टीजवळचे काम बदलून मोळ्या मोजण्याचे काम मिळाले. चौदाव्या महिन्यात मूठ पूर्ण वळू लागली. वण उंचवटा सोडून बऱ्याच अंशी मऊ झाला, रंगभेद मात्र राहिला.

दोन रुग्णांची तुलना करून सिद्धांत मांडता येत नाही. दग्धाचे स्थान, विस्तार व घरची परिस्थिती सर्वच वेगळे होते. माझ्या वागण्यातील फरक मात्र मला सांगता येतो. दुसऱ्या वेळी रुग्णासमोर एकच योजना होती, आणि ती सुटू लागल्याचे मला वेळेत कळले.

उपसंहार

वरील विवेचनावरून व्यवहारात आणण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. रुग्णालयातून परतलेल्या प्रत्येक दग्धरुग्णाचा कागद पाहावा. आपले औषध त्या योजनेस पूरक असावे. तिच्याशी विसंगत निर्देश द्यावासा वाटल्यास आधी रुग्णालयाशी बोलावे. प्रत्येक भेटीत एक तरी माप नोंदवावे : मान मागे नेली असता हनुवटी ते उरोस्थीच्या वरच्या खाचेतील अंतर, भिंतीशी उभे राहून हात किती उंच पोहोचतो त्याची तारखेसह पेन्सिलीची खूण, तोंडात उभी किती बोटे जातात, मूठ किती वळते. या मापांस खर्च काही नाही. सलग दोन भेटींत माप घटले तर रुग्णास पुढील तारखेची वाट न पाहता परत धाडावे. औषधविक्रेत्यांनी तेल वा मलम देताना वस्त्र व व्यायाम चालू आहेत काय, एवढे विचारावे.

व्रण भरलेला पाहून "आता बरे झाले" असे म्हणण्याचा मोह वैद्यास होतो. रुग्णही तेच ऐकण्यासाठी आलेला असतो. त्याऐवजी, "व्रण भरला, आता वण स्थिर होईपर्यंत वर्ष-दीड वर्ष आपल्याला काम करावयाचे आहे," असे सांगावे आणि त्याच वेळी पुढच्या भेटीची तारीख लिहून द्यावी, अशी सर्व वैद्य व औषधविक्रेते बंधुभगिनींना नम्र विनंती आहे.